बेळगावात स्टार्टअपसाठी अर्धवेळ डिझाइनर विद्यार्थी घ्यायचेत: काम काय द्यावं, करार कसा करावा?

उद्यमबाग_चलन

नमस्कार मंडळी. बेळगावात आमची सात जणांची कंपनी आहे. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्री व मशीनशॉपसाठी आम्ही जॉबवर्कचं ॲप करतो. कास्टिंग कुठल्या चलनावर (माल पाठवतानाच्या पावतीवर) बाहेर गेलं, किती नग मशीनिंग होऊन आले, किती रिजेक्ट, किती बाकी, एवढंच त्यात बघायचं. ॲप अँड्रॉइडवर आहे आणि मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालतं. प्रोग्रामर चार आहेत, डिझाइनर एकही नाही.

पूर्णवेळ डिझाइनर सध्या परवडत नाही, म्हणून विद्यापीठात शिकणारे दोन विद्यार्थी अर्धवेळ घ्यायचं ठरवलंय. प्रत्येकी आठवड्याला १५ तास, महिन्याला ८,००० रुपये. कामाची यादी अशी: लोगो, ॲपचे स्क्रीन, आयकॉन, प्ले स्टोअरची चित्रं, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या पोस्ट, व्हिजिटिंग कार्ड, प्रदर्शनासाठी स्टँडी आणि ऑफिसचा बोर्ड.

हे सगळं दोघांकडून होईल का? निवड कशी करावी? कन्नड वाचता न येणाऱ्या मुलानं कन्नड स्क्रीन केला तर चालतं का? आणि मुलगा शिकून बाहेर पडला की फाइली आणि हक्क कोणाकडे राहतात? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पडदा_आणि_पिक्सेल

आधी तासांचा हिशेब मांडा. एकाचे महिन्याला ६० तास. आठवड्याची एक तासाची बैठक धरली की उरले ५६. त्यातला एक तृतीयांश दुरुस्त्यांत जातो, म्हणजे नवं काम करायला ३७ तास. तीन भाषांतला एक स्क्रीन पूर्ण करायला विद्यार्थ्याला साधारण सहा तास लागतात. पूर्ण म्हणजे काय, तर भरलेली यादी, रिकामी यादी, नेट नसताना दिसणारा स्क्रीन आणि चूक झाल्यावरचा संदेश, हे चारही प्रकार. म्हणजे महिन्याला सहा स्क्रीन, त्यापुढे नाही. तुमच्या यादीतली बाकीची सात कामं त्याच माणसाच्या डोक्यावर ठेवलीत तर स्क्रीन तीनवर येतील.

म्हणून दोघांचं काम पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. एकाकडे ॲपच्या आतलं: स्क्रीन आणि आयकॉन. दुसऱ्याकडे बाहेरचं: पोस्ट, स्टोअरची चित्रं, छपाई. एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोन्ही दिलं की पोस्ट नेहमी ‘आजच पाहिजे’ असते आणि स्क्रीन मागे पडतो. लोगो तर या दोघांना देऊच नका. सध्या कंपनीचं नाव एका चांगल्या फॉन्टमध्ये ठळक अक्षरांत तिन्ही लिपींत नीट बसवून घ्या, वर्षभर तेवढं पुरतं. पुढे ज्यानं हे काम आधी केलंय त्याच्याकडून ठरावीक रकमेत लोगो करून घ्या. कॅनव्हाच्या टेम्पलेटमधून लोगो काढायची चूक मात्र नको. तेच टेम्पलेट दुसरा कोणीही वापरू शकतो, त्यामुळे तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही.

ॲपवाल्या मुलाचे पहिले दोन आठवडे एकही स्क्रीन न काढता जाऊ द्यात. त्यात रंग, अक्षरांचे पाच-सहा आकार, बटण, मजकुराची चौकट आणि चलनाची एक ओळ एवढे कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे, बनवून घ्यायचे. हे झालं नाही तर पुढच्या दहा स्क्रीनवर दहा प्रकारची बटणं येतात आणि तुमचा प्रोग्रामर प्रत्येक ठिकाणी वेगळं माप घालत बसतो. अँड्रॉइडवर बोटानं दाबायची जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडच्या स्क्रीनवरचं मापाचं एकक) ठेवायची असते. तुमचा वापरणारा माणूस तेलकट हातानं, मशीनशेजारी उभा राहून फोन दाबणार, तेव्हा मुख्य बटण ५६ करा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ पेक्षा कमी नको. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. फिकट करड्यावर गडद करडं लॅपटॉपवर देखणं दिसतं, गेटवर उन्हात चलन तपासणाऱ्याला काही दिसत नाही.

आयकॉनचं काम तुमच्याकडे खरोखर वेगळं आहे. घर, घंटा, शोध यांची तयार चित्रं मिळतात. पॅटर्न, कोअर, कच्चं कास्टिंग आणि मशीनिंग झालेला नग यांची मिळत नाहीत. मुलाला एक दुपार फौंड्रीत आणि एक दुपार सीएनसी शॉपमध्ये न्या, जाड तळाचे बूट आणि गॉगल घालून. मग २४ बाय २४ च्या चौकटीत, २ ची रेघ धरून काढायला सांगा. काढलेलं चित्र शॉपमधल्या तिघांना नाव न सांगता दाखवायचं. दोघांना तरी ओळखता आलं पाहिजे.

ॲपच्या मुख्य आयकॉनचा कॅनव्हास १०८ डीपीचा, पण महत्त्वाचं चित्र मधल्या ६६ डीपी व्यासाच्या वर्तुळातच हवं. बाहेरचा भाग फोनची कंपनी गोल, चौकोनी, कशीही कापते. नोटिफिकेशनचा आयकॉन पारदर्शक पार्श्वभूमीवर फक्त पांढरा. रंगीत लोगो तसाच टाकला तर वर नुसता पांढरा चौकोन दिसतो, ही चूक फार ठिकाणी होते. एसव्हीजी म्हणजे व्हेक्टर फाइलीत सावली, मास्क किंवा जिवंत मजकूर राहिला तर अँड्रॉइड स्टुडिओ तो नीट उचलत नाही. फाइलीच्या नावात छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर सोडून काही नको, नाही तर बिल्डच होत नाही.

प्ले स्टोअरसाठी आयकॉन ५१२ बाय ५१२, वरचं मोठं चित्र १०२४ बाय ५०० आणि त्यात पारदर्शक भाग चालत नाही. फोनचे स्क्रीनशॉट किमान दोन, कमाल आठ. तिन्ही भाषांचे वेगवेगळे चढवता येतात आणि चढवाच. कन्नड वाचणाऱ्याला मराठी स्क्रीनशॉट दिसला की तो ॲप आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जातो.

निवडीसाठी तीन तासांची चाचणी घ्या आणि तिचे पैसे द्या. चाचणी अशी: चलनाच्या यादीचा एकच स्क्रीन, मजकूर तुम्ही तिन्ही भाषांत टाइप करून दिलेला, त्यात एका पार्टीचं नाव मुद्दाम चाळीस अक्षरांचं. जेपीजी मागू नका, मूळ फाइल मागा. उघडल्यावर बघा: लांब नाव आलं की ओळ वाढते का कापली जाते? लेअरना नावं आहेत का? एकच बटण चार वेळा वेगळं काढलंय की कंपोनंट केलाय? रंगसंगती सुंदर आहे का, हे सगळ्यात शेवटी.

प्रत्येक कामाला एक पानाची मागणी लिहून द्या. कुठे दिसणार, माप, तिन्ही भाषांतला अंतिम मजकूर, तारीख, आणि ‘हो’ म्हणणारा एकच माणूस. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. तिसऱ्या फेरीचे तास वेगळे मोजायचे. मजकूर अंतिम झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, कारण अर्ध्या दुरुस्त्या चित्राच्या नसतात, शब्दांच्या असतात. सणांच्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० चे सहा साचे एकदाच करून घ्या. कुठल्या दिवसाची पोस्ट टाकायची, कुठल्या भाषेत टाकायची, हा निर्णय आपल्या गावात मालकानंच घ्यावा. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काय टाकायचं हे एकोणीस वर्षांच्या मुलावर सोडू नका.

शिरोरेषा

वर मापांचं छान सांगितलंय. मी फक्त लिपींबद्दल लिहितो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातलं काम बहुतेक वेळा इथेच फसतं.

पहिली गोष्ट, देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवायचं. इंग्रजी मथळ्याला २-३ टक्के अंतर दिलं की तो मोकळा दिसतो. तेच माप देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. फिग्मात (स्क्रीन काढायच्या प्रोग्राममध्ये) मजकुराची एकच स्टाइल तिन्ही भाषांना लावली की हे आपोआप घडतं. म्हणून प्रत्येक लिपीची स्टाइल वेगळी बनवा.

दुसरी, ओळीची उंची. इंग्रजी १६ च्या अक्षराला २२-२४ पुरते. मराठीत वर रफार आणि मात्रा, खाली उकार, म्हणून २४ ते २६. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि ‘राष्ट्र’सारख्या शब्दात तर एकाखाली एक दोन येतात. तिथे २८ धरा. बटणाची उंची इंग्रजीवर ठरवली की कन्नडची शेपटी कापली जाते. मराठी मुलाला ते डिझाइन वाटतं, कन्नड वाचणाऱ्याला चुकीचा शब्द दिसतो.

तिसरी, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर. टेक्स्टचं इंजिन भारतीय लिपींसाठीचं निवडलेलं नसेल तर ‘कि’ची वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. फोटोशॉपची आवृत्ती २०२२ च्या आधीची असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी निवडा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव होतं. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्याच भागात इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफच्या पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर लावा. आधीच लिहिलेला मजकूर पूर्णपणे सुधारला नाही तर पुन्हा पेस्ट करा. फिग्मा आणि इंकस्केपमध्ये हे वेगळं काही करावं लागत नाही.

फॉन्ट. ब्रँडसाठी ‘अनेक’ हे कुटुंब बघा. मुंबईच्या एक टाइपनं केलेलं आहे, देवनागरी, कन्नड आणि लॅटिन एकाच हातानं रेखल्यासारखे दिसतात, जाडी जुळते आणि परवाना खुला असल्यामुळे व्यवसायात वापरायला पैसे लागत नाहीत. त्याच लोकांचा ‘बलू’ही तिन्ही लिपींत आहे, पण तो गोलमटोल, मशीनशॉपच्या ॲपला खेळकर वाटेल. ॲपच्या आत मात्र नोटो सान्स ठेवा, तो अँड्रॉइडवर असतोच. डिझाइनरनं ‘अनेक’मध्ये स्क्रीन काढला आणि प्रोग्रामरनं तो फॉन्ट ॲपमध्ये घातला नाही, तर फोन गुपचूप नोटो वापरतो, उंची बदलते आणि दोघं एकमेकांना दोष देत बसतात.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच आपलं वळण उमटतं. ॲपमध्ये प्रोग्रामरला भाषेचा कोड मराठीचा ठेवायला सांगा, हिंदीचा कोड लावून मराठी मजकूर भरण्याची सवय अनेकांना असते. छापील माहितीपत्रकासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतलात तर मराठी वळण सरळ मिळतं.

जुना मजकूर कोणाकडून श्री-लिपीत किंवा कन्नडचा नुडीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत) आला, तर फिग्मात इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. कन्व्हर्टरनं युनिकोड करा आणि मग ‘करणाऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ऑर्डर’, ‘ट्रॅक्टर’, ‘ज्ञान’, ‘हृदय’ हे शब्द डोळ्यांनी तपासा. अर्धा र आणि ॲ-ऑ हमखास बिघडतात. हीच यादी कोणताही नवा फॉन्ट घ्यायच्या आधी टाइप करून बघायची. कन्नडसाठी ‘राष्ट्र’, ‘अस्त्र’, ‘कार्य’. शेवटच्या शब्दातला र अक्षराच्या उजवीकडे वेगळ्या खुणेनं येतो, तो जागा खातो.

आता तुमचा प्रश्न. कन्नड वाचता न येणारा मुलगा कन्नड स्क्रीन बसवू शकतो, पण तपासून पुढे सोडू शकत नाही. म्हणजे दोन अटी. कन्नड मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून द्यायचा, चित्रावरून बघून टाइप करायला लावायचं नाही. आणि प्रत्येक अंतिम चित्र, निर्यात (एक्स्पोर्ट) झाल्यानंतरची पीएनजी, कन्नड वाचणाऱ्या माणसानं बघायची. मूळ फाइल बघून उपयोग नाही, बिघाड निर्यातीतच होतो. ओळ कुठे तोडायची हेही त्यालाच विचारा. शब्द मधेच तुटला की वाचणाऱ्याला खडा लागल्यासारखं होतं. दोन मुलांपैकी एकाला जरी कन्नड नीट वाचता येत असेल तर अर्धी तपासणी घरातच होते. आपल्याकडे अशी मुलं भरपूर आहेत, जाहिरातीत तसं लिहा की.

एक शब्दसूची करा. मराठी मजकुरात ‘बेळगाव’, कन्नडमध्ये ‘बेळगावी’, आणि पत्ता, पावती, इंग्रजी मजकूर यांत २०१४ पासूनचं अधिकृत नाव. तसंच ‘चलन’, ‘नग’, ‘रिजेक्ट’, ‘बाकी’ यांचे तिन्ही भाषांतले ठरलेले शब्द. शॉपमध्ये जो शब्द बोलतात तोच घ्या. ‘प्रेषण प्रलंबित’ लिहिलंत तर टर्नर तुम्हालाच फोन करेल, ‘डिस्पॅच बाकी’ कळतं. आकडे तिन्ही भाषांत इंग्रजीच ठेवा, कारण ड्रॉइंगवर आणि बिलावर तेच असतात. ताळा करताना डोळा अडखळता कामा नये.

रंगाचं एवढंच: पिवळा-लाल जोडीनं वापरला किंवा भगवा मुख्य रंग केला, तर इथे त्याचा अर्थ रंगापलीकडे जातो. ॲप सगळ्यांच्या शॉपमध्ये चालायला हवं, निळा-हिरवा, गडद मोरपंखी असं काहीतरी घ्या.

शाईचा_अंदाज

छपाईकडून चार गोष्टी. फिग्मातून निघणारी पीडीएफ आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची असते. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट येतो आणि पोरगं म्हणतं प्रेसनं रंग बिघडवला. छपाईचं काम इलस्ट्रेटर, कोरल किंवा फुकटातल्या स्क्रायबसमध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत करून द्या. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, के १०० आणि बाकी शून्य. चारही शायांचा काळा केला तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. रंगीत पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरंही याच कारणानं बुजतात.

व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापात जाणारी जादा कड) धरून फाइल ९५ बाय ५७ ची. मजकूर कापाच्या रेषेपासून किमान ४ मिलिमीटर आत. ३०० डीपीआय, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. देवनागरी ७ पॉइंटच्या खाली नेऊ नका, कन्नड ८ च्या खाली नको, गोल अक्षरांची पोटं शाईनं भरतात. तीन भाषा एका बाजूला कोंबण्यापेक्षा पुढे कन्नड आणि मराठी, मागे इंग्रजी करा.

तीन बाय सहा फुटांच्या स्टँडीला १०० डीपीआय पुरतात, म्हणजे ३६०० बाय ७२०० पिक्सेल. ३०० वर केलं तर फाइल उघडता उघडता जीव जातो, फरक मात्र दिसत नाही. खालचे सहा इंच रिकामे ठेवा, तो भाग स्टँडच्या पेटीत गुंडाळला जातो. फोन नंबर नेमका तिथेच टाकतात सगळे. क्यूआर कोड कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर, किमान चार इंच, आणि भोवती पांढरी मोकळी कड.

बोर्डाचं आधी कायद्यातून बघा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यवसायाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवी आणि ती वरच्या भागात हवी. दहा बाय तीन फुटांचा बोर्ड म्हणजे ३० चौरस फूट, त्यातले १८ कन्नडसाठी. उंचीच्या भाषेत ३६ इंचांपैकी वरचे २२ कन्नड, खालच्या १४ मध्ये मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. हे माप मुलाला मागणीतच लिहून द्या. आधी मराठी मोठं काढून नंतर कन्नड वर चिकटवलं की बोर्ड कधीच नीट दिसत नाही.

प्रेसला फाइल देताना तीन प्रती द्या: मजकुराचे कर्व्ह केलेली (अक्षरांचे आकार बनवलेली) पीडीएफ, मूळ फाइल, आणि बरोबर कसं दिसायला हवं हे दाखवणारी जेपीजी. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि छपाईत अक्षरांच्या कडा फुटतात.

जमाखर्च

करारात आधी एक ठरवा, हे विद्यार्थी तुमचे नोकर की स्वतंत्र काम घेणारे? दोन्हीतला फरक हक्कांवर पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. स्वतंत्रपणे केलेल्या आयकॉन-पोस्टरचा हक्क सहसा काढणाऱ्याकडेच राहतो, तुम्ही पैसे दिले तरी. तो तुमच्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द हवेत. हस्तांतरणानंतर एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो परत जातो, हेही त्याच कलमात आहे. ‘न वापरल्यास हस्तांतरण रद्द होणार नाही’ असं वाक्य घाला.

मुलांच्या बाजूनं दोन ओळी हव्यातच. काम प्रसिद्ध झाल्यावर ते आपल्या पोर्टफोलिओत दाखवू शकतात, आणि कलम ५७ मुळे कर्ता म्हणवून घ्यायचा त्यांचा हक्क हस्तांतरणानंतरही राहतो. ज्याला नोकरी शोधायची आहे त्याला ८,००० पेक्षा हे जास्त मोलाचं असतं.

पैशाचं. ६० तासांना ८,००० म्हणजे तासाला १३३ रुपये. हा दर करारात लिहा, म्हणजे तिसऱ्या फेरीचे जादा तास कसे मोजायचे यावर वाद होत नाही. व्यावसायिक फी म्हणून देणार असाल तर एका वर्षात ५०,००० च्या वर रक्कम गेली की १० टक्के टीडीएस. वर्षाचे ९६,००० होतात, म्हणजे ९,६०० कापले जातील. त्याचं बाकी उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात, हे मुलाला आधीच सांगा, नाही तर त्याला वाटतं पैसे खाल्ले. पॅन दिला नाही तर २० टक्के कापावे लागतात.

वय १८ पूर्ण नसेल तर करारच होत नाही. पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) कितीही हुशार मुलगा आला तरी थांबा.

आणि फाइली. फिग्माची टीम कंपनीच्या ईमेलवर काढा, मुलाला त्यात बोलवा. त्याच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये काम राहिलं आणि तो चौथ्या वर्षी पुण्याला गेला की हातात फक्त पीएनजी उरते. विद्यार्थी म्हणून मिळालेलं फुकट खातं शिकण्यासाठी असतं, कंपनीच्या कामाला कंपनीचं खातं वापरा. महिन्याचे पैसे देण्याआधी तपासायच्या तीन गोष्टी: मूळ फाइल कंपनीच्या फोल्डरमध्ये, वापरलेले फॉन्ट सोबत, आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्राचा परवाना एका तक्त्यात.

तिसरं_सेमिस्टर

काम करणाऱ्यांच्या बाजूनं विचारते. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेल का? आणि परीक्षेच्या आठवड्यात १५ तास कसे द्यायचे?

पडदा_आणि_पिक्सेल

ताई, फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, ८ जीबी पुरतात. फक्त ३६०० बाय ७२०० ची स्टँडी फोटोशॉपमध्ये करायला घेतली तर अडकेल, ती इंकस्केपमध्ये व्हेक्टरनं करा. टॅब्लेट-पेन या कामाला लागत नाही.

तासांचं पहिल्या दिवशीच लिहून घ्या: इंटर्नल आणि सेमिस्टर परीक्षेच्या आठवड्यांत शून्य तास, त्याची भरपाई सुट्टीत, आणि एका आठवड्यात २० च्या वर नाही. कॉलेजचं वेळापत्रक करारालाच जोडा. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजला असाल तर ८५ टक्के हजेरी लागते, म्हणून बैठक कॉलेजच्या वेळेत मान्य करू नका, संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी. खानापूरहून रोज येऊन-जाऊन करत असाल तर आठवड्यातून एकच दिवस ऑफिस, बाकी घरून, हेही लेखी घ्या. बसमधले तास कोणी मोजत नाही.

उद्यमबाग_चलन

सगळ्यांचे मनापासून आभार. लोगो आणि बोर्ड यादीतून काढले. जाहिरातीचा मसुदा असा केलाय, बघून सांगा:

“ग्राफिक डिझाइनसाठी दोन विद्यार्थी पाहिजेत, अर्धवेळ. ठिकाण उद्यमबाग, आठवड्यातून एक दिवस ऑफिस, बाकी घरून. आठवड्याला १५ तास, परीक्षेच्या आठवड्यांत सुट्टी. तासाला १३३ रुपये, महिन्याला सुमारे ८,०००. जागा एक: ॲपचे स्क्रीन आणि आयकॉन. जागा दोन: पोस्ट, स्टोअरची चित्रं, छपाई. वय १८ पूर्ण. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणं आवश्यक. तीन तासांची चाचणी, तिचे ४०० रुपये निवड न झाली तरी मिळतील. काम पोर्टफोलिओत दाखवता येईल. अर्जासोबत एका कामाची मूळ फाइल पाठवा.”

शिरोरेषा

मसुदा चांगला झालाय. दोन बदल. ‘मराठी आणि कन्नड दोन्ही’ ही अट फक्त जागा दोनला ठेवा. पोस्ट आणि छपाई एकदा बाहेर गेली की परत घेता येत नाही, स्क्रीनमधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. जागा एकसाठी ‘कन्नड येत असल्यास प्राधान्य’ पुरे, नाही तर आयकॉन उत्तम काढणारं एखादं पोर उगाच सुटेल.

आणि ही जाहिरात कन्नडमध्येही काढा. तिचं चित्र बनवणार असाल तर ‘अर्धवेळ’मधला रफार आणि कन्नडमधली ओत्तक्षरं निर्यातीनंतर फोनवर उघडून बघा, मग पाठवा.

जमाखर्च

चाचणीच्या ४०० रुपयांचीही पावती आणि हस्तांतरणाची एक ओळ सही करून घ्या. निवड न झालेल्या मुलाचा स्क्रीन पुढे ॲपमध्ये वापरायचा नसेल तर तसं जाहिरातीतच लिहा, ‘चाचणीचं काम कंपनी वापरणार नाही’. या एका ओळीनं अर्ज वाढतात.

उद्यमबाग_चलन

लिहितो. चाचणीच्या स्क्रीनसाठी चाळीस अक्षरांचं पार्टीचं नाव तिन्ही लिपींत टाइप करायला आजच बसतो.